तीन घराण्यांचा शागीर्द : भास्करबुवा बखले

महाराष्ट्राच्या संगीतविश्वात काही नावे अशी आहेत की जी रसिकांच्या तोंडी सतत असतात, परंतु त्या नावांमागचा आवाज आज हयात असलेल्यांपैकी कुणीही ऐकलेला नाही. गायनाचार्य भास्करबुवा बखले हे त्यांतले अग्रगण्य नाव. गौहरजानच्या गाण्याच्या तबकड्या १९०२ मध्ये निघाल्या आणि त्यानंतर हिंदुस्थानात ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय झपाट्याने फोफावला. किराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचा आवाज पहिल्या दशकातच तबकडीवर उतरला. बालगंधर्वांच्या तबकड्या तर घरोघरी गेल्या. भास्करबुवा १९२२ पर्यंत गात होते. म्हणजे ध्वनिमुद्रणाची सोय झाल्यावरही पुरती वीस वर्षे ते मैफली गाजवीत होते, तरी त्यांची एकही तबकडी आपल्या हाती लागलेली नाही. ज्यांना समकालीनांनी ‘देवगंधर्व’ म्हटले, त्यांच्या गळ्यातला एक षड्जसुद्धा आपल्याला ऐकता येत नाही.

अशा गवयाचे चरित्र लिहायचे म्हणजे त्याच्या गाण्याचे वर्णन करून भागत नाही. तो कुणाकडे शिकला आणि त्याने कुणाला शिकवले, या दोन टोकांच्या मध्ये त्याचे गाणे कुठेतरी असते आणि ते अनुमानानेच धुंडाळावे लागते. बुवांच्या बाबतीत ही दोन्ही टोके विलक्षण आहेत. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर-अत्रौली या तीन घराण्यांची तालीम उस्तादांच्या समोर बसून घेतलेला त्यांच्याइतका बिनीचा दुसरा गवई त्या काळात दाखविणे कठीण; आणि शिष्यांकडे पाहावे तर एकीकडे मास्टर कृष्णराव, दुसरीकडे बालगंधर्व, तिसरीकडे पंजाबातून आलेले दिलीपचंद्र वेदी. एकाच मुळापासून इतकी निरनिराळी झाडे कशी उगवली, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला नसेल, पण आज तो विचारण्याजोगा आहे.

भास्कर रघुनाथ बखले यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ रोजी तेव्हाच्या बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. घरची स्थिती बेताचीच होती. मात्र जवळ बडोद्यासारखे शहर होते, हे या मुलाचे भाग्य. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत बडोदे हे कलावंतांचे मोठे आश्रयस्थान झाले. दरबारी कलावंतखान्यात बीनकार होते, ख्यालिये होते, पखवाजी होते, आणि मौलाबक्ष खाँसारखा विद्वान स्वरलिपी करून मुलांना वर्गात गाणे शिकविण्याचा उद्योग करीत होता. छोट्या भास्करला पहिली तालीम मिळाली ती मात्र दरबारात नव्हे, तर विष्णुबुवा पिंगळे या कीर्तनकारांकडे. पिंगळेबुवा धृपद जाणणारे होते. कीर्तनकाराकडे शिकण्यात एक फायदा असतो. तिथे शब्द पोचवावा लागतो. समोरच्या बाईमाणसांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना तो कळावा लागतो. केवळ गळ्याची करामत दाखवून निभावत नाही. बुवांच्या पुढच्या सगळ्या गाण्यात, विशेषतः नाटकाच्या पदांना चाली देताना, हा पाया उपयोगी पडला असे मानावयास जागा आहे.

मुलाचा गळा गोड होता. अशा मुलांवर त्या काळी नाटक मंडळ्यांची नजर असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ आणि १८८२ मध्ये ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे नवे युग सुरू केले होते, आणि गाणाऱ्या पोरांची मागणी वाढली होती. भास्कर किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. अण्णासाहेबांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘रामराज्यवियोग’ नाटकात तो कैकेयीची भूमिका करी. मंडळीचा मुक्काम इंदूरला असताना प्रख्यात बीनकार बंदे अली खाँ यांनी या मुलाचे गाणे ऐकले, ते प्रसन्न झाले आणि त्यांनी त्याला गंडा बांधला, ही हकीगत बुवांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. गंडा म्हणजे काय, हे आजच्या वाचकांना सांगितले पाहिजे. उस्तादाने शागीर्दाच्या मनगटाला मंतरलेला दोरा बांधायचा, त्याच्या तोंडात गूळ-फुटाणे घालायचे आणि चार गुणीजनांच्या साक्षीने त्याला आपला म्हणायचे. त्या क्षणापासून शागीर्द त्या घरचा होतो. बंदे अलींसारख्या किराण्याच्या थोर बीनकाराने नाटकातल्या एका पोराला असे जवळ करावे, ही सामान्य गोष्ट नव्हती. नाटक मंडळीचा मुक्काम हलला की पोरालाही हलणे भाग असल्याने ही तालीम दीर्घ काळ चालू शकली नाही. तरीही स्वर म्हणजे काय, तो तारेवर कसा तरंगतो, याचे दर्शन त्याला अगदी कोवळ्या वयात घडले.

आणि मग आवाज फुटला.

नाटकात स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलाच्या आयुष्यातला हा सर्वांत क्रूर प्रसंग. कालपर्यंत उंच पट्टीत लीलया फिरणारा गळा एका ऋतूत घोगरा होतो, वर चढताना फाटतो, खाली उतरताना बसतो. प्रेक्षक हसतात, मंडळीत आपली जागा दुसऱ्या पोराकडे जाते. पंधरा-सोळा वर्षांच्या त्या मुलाला हे सारे सोसावे लागले. गाणारी पोरे त्या काळात अशीच वापरली जात आणि अशीच मागे टाकली जात. त्यांतली बहुतेक पुढे प्रॉम्प्टर, पडदेवाले किंवा किरकोळ भूमिका करणारे नट होऊन आयुष्य काढीत. आवाज पुन्हा बांधता येतो, किंबहुना खरा आवाज बांधायचा तो यानंतरच, हे सांगणारे नाटक मंडळीत कुणी नसे. भास्करने मंडळी सोडली आणि तो बडोद्याला परतला. त्याच्या आयुष्यातला हा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण त्या वेळी त्याच्याजवळ गळाही नव्हता आणि पैसाही नव्हता.

बडोद्यात त्याने धरले ते फैज महंमद खाँ यांचे पाय. (हे फैज महंमद खाँ आणि पुढे बडोद्याचे दरबारी गवई म्हणून देशभर गाजलेले आग्रा घराण्याचे फैयाज खाँ ही दोन निराळी माणसे. नावांच्या सारखेपणामुळे चांगले जाणकारही इथे घसरतात.) फैज महंमद खाँ ग्वाल्हेर गायकीचे. त्या काळी उस्तादाकडे शिकणे म्हणजे फी भरून तासाभराची शिकवणी घेणे नव्हे. शागीर्दाने पाणी भरायचे, हुक्का भरायचा, खाँसाहेबांचे पाय चेपायचे, आणि त्यांची लहर लागेल तेव्हा जे दोन स्वर पडतील ते टिपून घ्यायचे. कधी आठवडेच्या आठवडे काही मिळायचे नाही. ब्राह्मणाच्या मुलाला यात आणखी एक अडचण असे, ती जेवणाची. उस्ताद मुसलमान, शागीर्द सोवळ्यातल्या घरचा. तेव्हा पोट भरायला माधुकरी मागायची नाहीतर वार लावून जेवायचे, आणि उरलेला दिवस खाँसाहेबांच्या दारात काढायचा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरीस जाऊन काढलेल्या हालांच्या कथा महाराष्ट्राला पाठ आहेत. भास्कररावांचे दिवस त्याहून फारसे निराळे नव्हते.

पण जे मिळाले ते पक्के मिळाले. ग्वाल्हेरचे गाणे हे ख्यालाचे व्याकरण आहे. बंदिश स्वच्छ म्हणायची, स्थायी-अंतरा पुरा भरायचा, मग आलाप, बोलआलाप, बहलावे, बोलताना, ताना असे एकेक अंग क्रमाने मांडायचे. तान सरळ, दाणेदार, आरोह-अवरोहात स्पष्ट दिसणारी. या गायकीत फसवाफसवीला जागा नसते. ज्याचा आवाज नुकताच फुटून पुन्हा बसू पाहतो आहे, अशा तरुणाला याहून हितकर शिक्षण दुसरे मिळाले नसते. खर्जात बसून एकेक स्वर तासन्‌तास लावणे, खुला आकार ठेवणे, गळा दाबून खोटा गोडवा आणायचा नाही हे कटाक्षाने पाळणे, या मेहनतीतून मोडलेल्या गळ्याच्या जागी पुरुषाचा भरीव आवाज उभा राहिला. नाटकात ऐकू आलेला पोराचा आवाज तो हा नव्हेच. तो गेला तो गेलाच.

यापुढे कुणीही सामान्य गवई मैफली करू लागला असता आणि सुखाने राहिला असता. भास्कररावांनी धारवाडला ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षकाची नोकरीही केली. चार घास मिळू लागले होते, नाव होऊ लागले होते. पण याच काळात ते आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांच्याकडे वळले. नत्थन खाँ हे त्या घराण्यातील प्रकांड गवई. विलंबित लय आणि लयकारी यांवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते. उत्तरायुष्यात ते म्हैसूर दरबाराच्या आश्रयास होते. आग्र्याची गायकी धृपद-धमाराच्या पोटातून निघालेली. ख्यालापूर्वी नोम्‌तोम्‌ने राग उभा करायचा, आवाज छातीतून काढायचा, आणि मग बंदिशीचे बोल लयीशी झुंजवीत, कधी तबल्याला हुलकावणी देत, नेमके समेवर आणून टाकायचे. ग्वाल्हेरच्या गवयाला तालाचे ज्ञान असतेच, परंतु ताल हा त्याच्या गाण्याचा आधार असतो. आग्र्याच्या गवयाला तो खेळगडी वाटतो. हा फरक पुस्तकातून समजत नाही. तो समजण्यासाठी अशा माणसासमोर बसून, त्याच्या हाताच्या ठेक्यावर पुन:पुन्हा चुकावे लागते. भास्करराव ते चुकले आणि शिकले.

इथे जरा थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. घराण्यांच्या अभिमानाच्या त्या काळात एका उस्तादाचा गंडा बांधलेल्याने दुसऱ्याकडे जाणे हे फारसे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. उस्ताद लोकांना भीती असे की आपली विद्या परक्याच्या घरी जाईल, किंवा तिच्यात परके पाणी मिसळेल. कित्येक उस्ताद खास चिजा आपल्या मुलांनाही उशिरा देत. अशा स्थितीत एका परजातीच्या, परप्रांतीय शागीर्दाला एकामागून एक तीन थोर उस्तादांनी आपली कोठारे उघडून दिली, हे नुसत्या चिकाटीने घडलेले नाही. बुवांच्या स्वभावातल्या निर्मळपणाविषयी समकालीनांनी एकमुखाने लिहिले आहे. आधीच्या गुरूची निंदा करून नव्या गुरूला खूष करण्याचा मोह त्यांना झाला नाही, आणि एका घरचे ऐकून दुसऱ्या घरी ते विकण्याचा उद्योगही त्यांनी केला नाही. ते ज्या घरी बसत त्या घरचे होत.

नत्थन खाँ विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी वारले. भास्करबुवा तेव्हा तिशीत होते, गवई म्हणून प्रसिद्ध होते, त्यांना स्वतःचे शिष्य मिळू लागले होते. याच टप्प्यावर त्यांनी कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांच्याकडे नव्याने शागिर्दी पत्करली. खाँसाहेबांची कथाही आपल्या या विषयाला धरूनच आहे. तारुण्यात राजपुतान्यातील एका संस्थानात अतिरेकी गाणे झाल्यामुळे त्यांचा मूळचा आवाज गेला होता, आणि जो आवाज उरला त्याला शोभेल अशी वेगळीच गायकी त्यांनी घडविली. तीच पुढे जयपूर-अत्रौली म्हणून ओळखली गेली. खुल्या आकारात स्वर आणि लय एकमेकांत गुंफायचे, मात्रामात्रेशी नाते ठेवून पण ती उघडी न दाखवता पुढे सरकायचे, दमसास न तोडता वक्र, गुंतागुंतीच्या ताना घ्यायच्या, आणि अनवट व जोड राग पसंत करायचे. आवाज गमावलेला एक गुरू आणि आवाज गमावलेला एक शिष्य अशी ही जोडी जमली. दोघांनाही गळ्याची निसर्गदत्त देणगी एकदा हातातून निसटल्याचा अनुभव होता, आणि दोघांचेही पुढचे गाणे कमावलेले होते. त्यांच्या नात्यात गुरुशिष्यभावाबरोबर बरोबरीच्या मित्रांचा जिव्हाळाही होता, असे जुने लोक सांगत आले आहेत.

तिन्ही गायक्या एका गळ्यात कशा नांदल्या? त्यांची खिचडी झाली नाही का? बुवांना ऐकलेल्यांच्या लिखाणातून जे उमगते ते असे की, त्यांनी तिघांना एका भांड्यात शिजवले नाही. बंदिशीची मांडणी ग्वाल्हेरची, बोलांचा लयीशी खेळ आग्र्याचा, तानेची वीण जयपूरची. पण कोणती गोष्ट कुठे लावायची हा निर्णय रागाच्या आणि बंदिशीच्या प्रकृतीवर सोपविलेला. आजकाल पुण्या-मुंबईतला होतकरू गायक सोमवारी ख्यालाच्या, बुधवारी गझलेच्या आणि शनिवारी पाश्चात्त्य पद्धतीने आवाज कमावण्याच्या शिकवणीला जातो. त्यात गैर काही नाही. परंतु बुवांनी एक गायकी अंगात मुरल्यावरच दुसरी घेतली. प्रत्येकीला वर्षे दिली. शैलीवर शैली शिकण्यातले खरे कष्ट नवे घेण्यात कमी असतात. आधीचे न पुसता त्याला मर्यादेत ठेवण्यात ते जास्त असतात. ग्वाल्हेरची सरळ तान गळ्यात बसलेल्या माणसाला जयपूरची तान घेताना स्वतःच्याच गळ्याशी भांडावे लागते.

ख्यालापुरतेच त्यांचे गाणे मर्यादित नव्हते. एका बैठकीत धृपद-धमार, ख्याल, टप्पा, होरी, ठुमरी, भजन आणि मराठी पद या साऱ्यांना ते न्याय देत. लावणीदेखील त्यांना वर्ज्य नव्हती. त्यामुळे महाराष्ट्राबाहेरही त्यांना मागणी होती. पंजाबातील जालंदर येथे हरिवल्लभ मेळा भरे. तिथे हिंदुस्थानभरचे गवई हजेरी लावीत आणि तिथला श्रोता फार चिकित्सक समजला जाई. त्या मेळ्यात या मराठी गवयाने आपली छाप पाडली. दक्षिणी माणसाला रागदारी येते हे उत्तरेत मान्य करून घेणे तेव्हा सोपे नव्हते.

पुण्यात १९११ मध्ये बुवांनी गायन शिकविणारी संस्था स्थापन केली. तिचे नाव ठेवले ‘किर्लोस्कर भारत गायन समाज’. ज्या मंडळीत आवाज फुटल्यावर त्यांना नकोसे व्हावे लागले, तिचेच नाव संस्थेच्या माथ्यावर आले, यात बुवांचा स्वभाव दिसतो. हीच संस्था पुढे ‘भारत गायन समाज’ म्हणून नावारूपाला आली. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून संगीतशिक्षण घराण्यांच्या दारातून सार्वजनिक वर्गात आणले होते. पुण्यात अब्दुल करीम खाँ यांचे आर्य संगीत विद्यालयही याच दशकात चालू होते. म्हणजे बुवा काळाबरोबरच चालले होते. तरीही त्यांच्या शिकवण्याचा गाभा खासगीच राहिला. शिष्य समोर, तंबोरा मध्ये, आणि त्याच्या गळ्याला काय झेपेल याचा अंदाज घेत दिलेली तालीम. वर्गात शंभर मुलांना एक चीज शिकविता येते. शंभर गळ्यांना शंभर निरनिराळी औषधे मात्र वर्गात देता येत नाहीत, हे त्यांना ठाऊक होते.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे नारायण राजहंस, अर्थात बालगंधर्व. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेला हा तरुण जन्मजात सुरेल होता. बुवांनी त्याला रागदारीची तालीम दिली. आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, तीन घराण्यांची विद्या जवळ असलेल्या गुरूने या शिष्याला तासभराचा ख्याल गाणारा गवई करण्याचा हट्ट धरला नाही. त्याच्या गळ्यातली लाघवी फिरत, शब्दाला हळुवार स्पर्श करण्याची त्याची ओढ आणि रंगभूमीवर उभे राहून गाण्याची त्याची गरज हे सारे ओळखून त्यांनी रागाचा अर्क त्याला दिला. ‘विद्याहरण’, ‘स्वयंवर’ आणि ‘द्रौपदी’ या खाडिलकरांच्या नाटकांतील पदांना बुवांच्या चाली लाभल्या, आणि त्यांत १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘स्वयंवर’ने तर इतिहास घडविला. यमन, भूप, बिहाग, भीमपलास हे राग त्यात रुक्मिणीच्या तोंडून असे उतरले की ज्यांनी कधी मैफलीची पायरी चढली नव्हती त्यांच्या कानांतही ते कायमचे रुजले. त्यांतल्या अनेक चाली ख्यालाच्या बंदिशींवर बेतलेल्या आहेत. मूळ चिजेतला विस्तार काढून टाकायचा, रागाची नेमकी ओळख पटविणारा तुकडा ठेवायचा, त्यावर मराठी शब्द बसवायचे, आणि तरी गायकाला आलाप-तानांसाठी मोकळी जागा सोडायची, हे काम दिसते तितके सोपे नव्हे. रागाच्या आत-बाहेर हिंडून आलेल्यालाच ते साधते. मला वाटते, तीन गायक्यांच्या अभ्यासातून बुवांना लाभलेली सर्वांत मोठी सिद्धी ती हीच असावी. कोणत्या रागातले काय काढले तरी तो राग राहतो, हे त्यांना अचूक कळत होते.

याच सुमारास त्यांच्या घरी दुसरा एक मुलगा शिकत होता. आळंदीचा कृष्णा फुलंब्रीकर, म्हणजे पुढचे मास्टर कृष्णराव. १८९८ चा जन्म. लहानपणी तोही नाटकात गात असे. बुवांनी स्वतः भोगले होते ते या मुलाच्या वाट्याला येऊ नये, अशी काळजी त्यांनी घेतली असेल का? तसे कुठे लिहिलेले सापडत नाही, पण शिष्याकडे पाहिले की संशय येतो. कृष्णरावांचे गाणे चपळ, खेळकर, क्षणाक्षणाला नवी कल्पना उडविणारे. बालगंधर्वांच्या गाण्याशी त्याचे साम्य अगदी थोडे. बुवांच्या पश्चात गंधर्व मंडळीच्या नाटकांना चाली देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली, ‘कान्होपात्रा’चे संगीत त्यांचेच, आणि त्यानंतर प्रभात कंपनीच्या ‘माणूस’ व ‘शेजारी’ यांसारख्या बोलपटांतही त्यांनी रागदारीचा तोच हलका हात फिरविला.

गोविंदराव टेंबे हे हार्मोनियमवादक, संगीतकार आणि उत्तम लेखक. तेही बुवांना गुरुस्थानी मानीत. त्यांनी बुवांच्या मैफलींची साथ केली आणि पुढे त्यांच्याविषयी मनापासून लिहिले. आज बुवांच्या गाण्याची जी काही कल्पना आपण करू शकतो, त्यातली बरीचशी टेंब्यांच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. ताराबाई शिरोडकर बुवांकडे शिकल्या. गोव्याच्या केसरबाई केरकर यांनाही काही काळ बुवांची तालीम मिळाली. परंतु ती फार दिवस चालली नाही आणि १९२१ मध्ये त्यांनी अल्लादिया खाँ यांचा गंडा बांधला. त्यानंतर केसरबाईंनी खाँसाहेबांशिवाय दुसऱ्या कुणाचेही गाणे गळ्यात येऊ दिले नाही. एकनिष्ठेने एकच गायकी कमावली, आणि त्या गायकीचा कळस त्यांच्या गाण्यात दिसला. बुवांच्या मार्गाच्या नेमका उलटा हा मार्ग. दोन्ही मार्गांनी माणूस शिखरावर पोचतो, तेव्हा कोणता बरोबर हे ठरविण्याच्या भरीस पडू नये. पण केसरबाईंच्या मागे आपल्याला त्यांच्या गायकीचे स्पष्ट रूप दिसते, बुवांच्या मागे ते दिसत नाही, हेही खरे.

बुवांनी स्वतःचे घराणे स्थापन केले नाही. तीन घराण्यांचा समन्वय केलेल्या माणसाच्या नावाने चौथे घराणे निघावे अशी कुणाचीही अपेक्षा असेल. ते निघाले नाही, आणि याचे कारण त्यांच्या शिकवण्यात आहे. शिष्याच्या गळ्याला आपला ठसा न देता त्याचाच आवाज मोकळा करणाऱ्या गुरूच्या शिष्यांत समान खूण कशी सापडणार? बालगंधर्व, कृष्णराव आणि वेदी यांना एकापाठोपाठ ऐकले तर ते एकाच गुरूचे शिष्य आहेत हे न सांगता ओळखणारा श्रोता विरळा. घराणे टिकते ते पुनरुक्तीवर. वडिलांनी घेतली तशी तान मुलाने घ्यावी लागते. बुवांनी स्वतः एका जागी न थांबता गाणे शिकले, आणि शिष्यांनाही थांबविले नाही. त्याची किंमत त्यांच्या कीर्तीने मोजली. ज्यांचे गाणे ध्वनिमुद्रित नाही आणि ज्यांचे घराणेही नाही, असे गवई दोन पिढ्यांत विसरले जातात. बुवा विसरले गेले नाहीत याचे श्रेय ‘स्वयंवर’ला, बालगंधर्वांना आणि भारत गायन समाजाला द्यावे लागेल.

८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात बुवांचे निधन झाले. वय अवघे बावन्न वर्षांचे. अल्लादिया खाँ वयाने त्यांच्याहून वडील, पण ते शिष्याच्या मागे चोवीस वर्षे जगले. गायन समाजाचे काम शिष्यांनी चालू ठेवले. बापूराव केतकर आणि मास्टर कृष्णराव यांनी त्याची धुरा वाहिली.

राहिले दिलीपचंद्र वेदी. आनंदपूर साहिबचा हा तरुण तलवंडी घराण्याच्या उत्तमसिंगांकडे शिकून बुवांकडे आला होता. बुवांच्या अखेरच्या वर्षांत त्याला त्यांचा सहवास मिळाला. गुरू गेले तेव्हा वेदी जेमतेम विशीत होते. त्यांनी पुढे प्रथम आग्रा घराण्याच्या फैयाज खाँ यांचे शिष्यत्व घेतले, आणि त्यानंतर ते अल्लादिया खाँ यांच्यासमोर जाऊन बसले.